मुलुंडच्या घरास : तांदूळ, कागद आणि बेगमी यांविषयी

भयखरेदी म्हणजे एखादी वस्तू संपणार या बातमीने ती संपेपर्यंत विकत घेणे. या क्रियेला मराठीत सर्वमान्य शब्द अजून नाही. मुलुंडच्या घरात ‘वेडेपणा’ हा शब्द चालतो, आणि जुलै २०२३ मध्ये तो फोनवरून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरासाठी तीनदा वापरला गेला. निमित्त तांदळाचे होते. २० जुलै २०२३ रोजी भारत सरकारने बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि दोन-तीन दिवसांत अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत लोक सोनामसुरीच्या पोत्यांवर तुटून पडल्याच्या चित्रफिती मुलुंडच्या कौटुंबिक गटावर पोचल्या. त्यांतल्या एकीत पाठमोरा दिसणारा निळ्या टीशर्टातला गृहस्थ हा एडिसनला राहणारा धाकटा मुलगा आहे काय, अशी विचारणा झाली. तो धाकटा मुलगा नव्हे. प्रस्तुत पत्र हे त्या विचारणेचे उत्तर होय. मात्र ते नीट कळण्यासाठी २०२० च्या मार्चपर्यंत मागे जावे लागते.

त्या मार्चात दोन्ही घरांवर करोनाचे एकच संकट आले, पण कपाटे वेगवेगळी रिकामी झाली. १३ मार्च, शुक्रवार, या एकाच दिवशी अमेरिकेत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली आणि भारतात मास्क व सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत गेले. एडिसनमध्ये सर्वप्रथम संपला तो शौचालयातला कागद. याची कारणे फोनवर सांगून मुलुंडच्या घराला पटलेली नाहीत, म्हणून लेखी देण्यात येत आहेत. एक तर लोक घरी बसले. दिवसाचा अर्धा कार्यभाग जो एरवी कचेरीत आणि शाळेत उरकत असे तो घरी होऊ लागला, आणि माणसे चोवीस तास घरात राहिली तर घरचा कागद ४० टक्क्यांनी जास्त लागेल असा अंदाज जॉर्जिया-पॅसिफिक या कागद बनवणाऱ्या कंपनीनेच दिला होता. कचेऱ्यांचा कागद पडून होता, पण ती गुंडाळी जात्याच्या तळीएवढी, घरच्या खुंटीवर न बसणारी, आणि तिचे गिऱ्हाईकही वेगळे. दुसरे असे की ही वस्तू जागा फार खाते आणि पैसे थोडे देते, म्हणून दुकानदार तिचा साठा बेताचाच ठेवतो. दहा माणसांनी चार-चार गठ्ठे उचलले की अख्खी भिंत उघडी पडते. उघडी भिंत पाहून अकरावा माणूस सहा गठ्ठे उचलतो. यात वेडा कोणीच नसतो, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. अकराव्या माणसाचे वागणे तर सर्वांत शहाणपणाचे असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९४८ साली बुडण्याच्या अफवेनेच बुडणाऱ्या बँकेचे उदाहरण देऊन हीच गोष्ट समजावली होती.

हा प्रकार फक्त अमेरिकेतला नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये हाँगकाँगमध्ये सुरे दाखवून सुमारे ६०० गुंडाळ्या लुटण्यात आल्या. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘एनटी न्यूज’ या वृत्तपत्राने वाचकांच्या सोयीसाठी आठ पाने कोरी छापली. या साऱ्यावर मुलुंडच्या आजींचा अभिप्राय एका ओळीचा होता : “तिकडे नळाला पाणी येत नाही का?” येते. एडिसनच्या घरात प्लास्टिकचा मगही पहिल्यापासून आहे. मुलुंड पश्चिमेच्या बाजारातून घेतलेला, बॅगेत लोणच्याच्या बरणीभोवती कपडे आणि बरणीवर टोपीसारखा हा मग, असा तो आला. पाहुणे यायचे असले की तो कपाटात जाई. मार्च २०२० नंतर तो उजळ माथ्याने बाहेर राहू लागला, आणि एप्रिलमध्ये शेजारच्या अमेरिकन कुटुंबाने कुंपणापलीकडून त्याची शास्त्रशुद्ध माहिती विचारून घेतली. परदेशी गेलेल्या कुटुंबाला आपल्या संस्कृतीचा प्रसार करण्याची संधी क्वचित मिळते. ती कोणत्या विषयात मिळावी हे हातात नसते.

कागदानंतर मैदा आणि यीस्ट गेले. गिरण्यांत मैदा भरपूर होता, पण तो बेकऱ्यांसाठीच्या ५० पौंडांच्या पोत्यांत. तुटवडा छोट्या पिशव्यांचा होता. २१ मार्चला रात्री ९ पासून न्यू जर्सीत घरी राहण्याचा हुकूम लागू झाला, तोवर एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांसमोर सहा-सहा फुटांवर रांगा लागल्या होत्या, आणि त्या रांगांत तूरडाळ आत शिल्लक आहे की नाही याची बातमी तेलुगू, गुजराती, पंजाबी अशी भाषांतरित होत मागे सरकत असे. एडिसनच्या सूनबाईंपर्यंत ती मराठीत पोचली तेव्हा ‘हिंग संपला’ अशी झाली होती. त्यांनी हिंगाच्या पाच डब्या घेतल्या. त्यांपैकी तीन अद्याप आहेत.

मुलुंडकडील घटनाक्रम मुलुंडच्या घराला ठाऊक आहे. तरी दोन्ही बाजू शेजारी मांडल्याशिवाय तुलना होत नाही. २२ मार्चला, रविवारी, सकाळी ७ ते रात्री ९ जनता कर्फ्यू होता. त्याच रात्रीपासून लोकल थांबली, आणि २३ तारखेला राज्यभर संचारबंदी आली. २४ मार्चला पंतप्रधानांच्या रात्री ८ च्या भाषणात २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, आणि भाषण संपताच मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत बिल्डिंगा खाली उतरल्या. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील, घाबरून खरेदी करू नये, असा खुलासा त्याच रात्री झाला. तो रांगेत उभे राहूनच लोकांनी फोनवर वाचला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्यामुळे त्या रात्रीच्या रांगेत भयखरेदी करणारे कोण आणि नुसते श्रीखंड आणायला निघालेले कोण, हे वेगळे काढणे अशक्य आहे. मुलुंडच्या काकांनी आपण दुसऱ्या वर्गात मोडतो असे कळवले आहे. त्यांच्या पिशवीत श्रीखंडाशिवाय साबुदाणा चार किलो, मॅगी व बिस्किटे होती. बिस्किटांबाबत काका एकटे नव्हते : विलेपार्ल्यात १९२९ साली सुरू झालेल्या पार्ले कंपनीच्या पार्ले-जीचा मार्च ते मे २०२० मधला खप विक्रमी होता.

मुलुंडच्या घराचे खरे वेगळेपण माळ्यावर आहे. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू आणून, निवडून, उन्हे देऊन, एरंडेलाचा हात फिरवून आणि कडुलिंबाचा पाला घालून पिंपात भरायचे. तांदळाला बोरिक पावडर चोळायची. चिंच, कोकम, कुरडया, सांडगे, पापड पावसाआधी डब्यात जायचे. याला बेगमी म्हणतात आणि यात कोणी कोणाला ढकलत नाही. पोते तेच, पण ते घराघरांतून निरनिराळ्या दिवशी, दुकानदाराला ठाऊक असलेल्या महिन्यात उचलले जाते. सगळी घरे एकाच रात्री वर्षाची बेगमी करू लागली की तिलाच भयखरेदी म्हणायचे. मुंबई ग्राहक पंचायतीचे १९७५ पासून चालत आलेले मासिक वाटप याच तत्त्वावर उभे आहे : यादी आधी, माल नंतर, आणि कौटुंबिक संघात मिळून वाटणी. उपनगरांतल्या लहान घरांनी आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या ‘फोन करा, पोरगा येतो’ या सेवेने बेगमीची सवय बरीच मोडली होती. मुलुंडच्या आजींची मात्र मोडली नाही, आणि याबद्दल त्यांना इतकी वर्षे माळ्यावरून जे ऐकावे लागले ते एडिसनच्या घराकडून मागे घेण्यात येत आहे.

आजींची ही शिस्त १९७२ सालच्या दुष्काळातली आहे. त्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या पिढीला अमेरिकेतल्या रिकाम्या फळ्या फोटोत पाहून जे समाधान झाले, ते त्यांनी लपवले नाही. गोरेगावच्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने तेव्हा महागाईविरुद्ध बायकांचे मोर्चे निघाले, लाटणी आणि थाळ्या घेऊन. आजी त्यांतल्या एकात होत्या. म्हणून २२ मार्च २०२० ला, जनता कर्फ्यूच्या दिवशी, संध्याकाळी ५ वाजता त्यांनी गॅलरीत थाळी वाजवायला घेतली तेव्हा त्या थाळीला पूर्वानुभव होता.

बेगमीलाही टाळेबंदीने एका ठिकाणी गाठले : मसाल्यात. मार्चच्या सुरुवातीलाच बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या घरात आल्या होत्या, देठ खुडून झाले होते, आणि कांडप बंद झाले. महिनाभर वाट पाहून एप्रिलच्या शेवटी त्या भाजून मिक्सरमध्ये थोड्या थोड्या वाटण्याचे ठरले. मिरच्यांचा खाट प्रथम घरात, मग जिन्यात, मग दोन मजल्यांवर पसरला. पंधरा मिनिटांत चौथ्या व पाचव्या मजल्यावरची सोळा माणसे एकाच वेळी खोकू लागली. एप्रिल २०२० मध्ये सोळा माणसांचे सामूहिक खोकणे ही किरकोळ घटना नव्हती. इमारत सील होण्याच्या भीतीने सोसायटीचे सेक्रेटरी मास्क लावून, हातात ताप मोजण्याची बंदूक घेऊन वर आले आणि दारातच स्वतः खोकू लागले. चौकशी अर्धा किलो मसाला देऊन मिटली.

भाजीची व्यवस्था मात्र उपनगरांनी डोके लढवून केली. दादरच्या घाऊक बाजारातली गर्दी फोडण्यासाठी पालिकेने मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांसारख्या मोकळ्या जागा निवडल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून या नाक्यांना काम उरले नव्हते. ज्या जागी वर्षानुवर्षे माल अडवला जाई तिथून तो वाटला गेला. शेतकऱ्यांच्या गटांचे टेम्पो थेट सोसायट्यांच्या फाटकात येऊ लागले. दुकानासमोर चुन्याची वर्तुळे आली. त्या वर्तुळांत ऊन चढले की माणसांऐवजी पिशव्या, छत्र्या आणि एक-एक चप्पल रांगेत उभी राही व माणसे सावलीत घोळका करून अंतर पाळण्याविषयी बोलत. घरी आल्यावर दुधाच्या पिशव्यांना साबण लावून आंघोळ घातली जाई. एडिसनला त्याच वेळी पास्त्याची खोकी पुसली जात होती, त्यामुळे या बाबतीत कोणी कोणाला हसू नये. मे महिन्यात एसटीने मालवाहतूक सुरू केली आणि रत्नागिरीहून बोरिवलीला हापूसच्या पेट्या आणल्या. ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखेला व दुसऱ्या बाजूची विषम तारखेला उघडू लागली, म्हणजे गूळ आणि चणाडाळ समोरासमोर असतील तर पुरणपोळीला दोन दिवस लागत. जूनअखेर खरेदीसाठी घरापासून २ किलोमीटरची मर्यादा आली आणि काही दिवसांतच सैल झाली. तेवढ्यात काकांनी घर ते मासळीबाजार हे अंतर तीन वेगवेगळ्या वाटांनी मोजून ठेवले होते.

एक गोष्ट या पत्रातल्या थट्टेत बसत नाही, पण वगळता येत नाही. भयखरेदी करायला हातात महिन्याचे पैसे आणि घरात जागा लागते. भांडुप-घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत रोजच्या मजुरीतून रोजचे पीठ-तेल येते. तिथे २४ मार्चच्या रात्री रांग लागली नाही, आणि लागली ती नंतर, शिजवलेल्या अन्नासाठी. जानेवारीत १० रुपयांना सुरू झालेली शिवभोजन थाळी मार्चअखेर ५ रुपयांवर आणली गेली. मुलुंडच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना आजींनी पिंपातले गहू त्याच आठवड्यात काढून दिले, आणि पीठ मुरलेल्या एरंडेलाने कडवट लागते का, हेही विचारले.

आता तांदूळ. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के असल्याने २०२३ च्या बंदीची धास्ती अगदीच निराधार नव्हती. पण बासमती बंदीतून वगळलेला होता, उकडा तांदूळही, आणि अमेरिकेतल्या कोठारांत सोनामसुरी होती. तरीही दुकानांनी कुटुंबामागे एक पोते अशी पाटी लावावी इतकी गर्दी झाली. २०२० मध्ये जे कुटुंब रिकाम्या फळ्यांपुढे उशिरा पोचले होते ते या खेपेला पहिल्या दिवशीच गेले.

चौकशीचे उत्तर : चित्रफितीतला निळ्या टीशर्टातला गृहस्थ सूनबाईंचा भाऊ आहे. धाकटा मुलगा त्या वेळी बाहेर गाडीत पोत्यावर पाय ठेवून बसला होता, कारण त्याच्या नावावरचे एक पोते आधीच मिळाले होते आणि मेहुण्याचे, वेगळ्या कुटुंबाचे म्हणून, मिळायचे होते.

ता. क. : दोन्ही पोत्यांतल्या तांदळाला ऑगस्टमध्ये किडे झाले आहेत. बोरिक पावडर किती किलोला किती चमचे चोळायची, आणि धुताना किती पाणी बदलायचे, ते आजींना विचारून उलट टपाली कळवावे.