मनगट आणा इकडे

आमच्या सोसायटीत नानांशी हस्तांदोलन करणं धोक्याचं आहे. आपण हात पुढे केला की तो उलटा केला जातो, मनगटावर काहीतरी गार टेकतं, आणि आपण ते सवयीनं दुसऱ्या मनगटावर घासायला जावं तोच नाना ओरडतात, "चोळू नका हो! मारलंत ना त्याला! आता पंधरा मिनिटं थांबा." आपण दूध आणायला निघालेलो असतो. नाना मात्र घड्याळात बघतात आणि कठड्याला टेकून उभे राहतात. दूध नासलं तरी चालेल, पण अत्तराला वेळ द्यायला हवा.

अत्तराचे शौकीन दोन जातींचे. एक जात स्वतःला लावते आणि गप्प बसते. ही सज्जन माणसं. कानाच्या पाळीत फाया खोचतील, लग्नात आपल्याजवळून जातील, संपलं. दुसरी जात दुसऱ्यांना लावते. त्यांना अत्तरापेक्षा तुमच्यात जास्त रस असतो. नाना या जातीचे कुलगुरू शोभतील. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी दिलेली शाल कपाटात गेली आणि खिशात पाव तोळ्याची कुपी आली. तिच्या बुचाला काचेची काडी. पूर्वी त्या खिशात पेन असायचं. सही करून घेण्याची हौस मात्र तीच.

कुपीतलं अत्तर हिरवं आहे. नानांनी ते स्वतः जुळवलंय: वाळ्याचं रूह, मिट्टी अत्तर आणि शमामा. प्रमाण गुप्त. नाव 'तळं'. ते मनगटावर ठेवताना नाना दर वेळी एकच वर्णन करतात. पहाटेची वेळ, देवळामागचं तळं, पायऱ्यांवर शेवाळ, कडेला लव्हाळी, चिखलात रुतलेलं एखादं कुजकं लाकूड. नानांचा जन्म नारायण पेठेतला, आणि पाणी म्हणून त्यांनी जे काही जवळून पाहिलं ते नळाचंच. पण वर्णन झाल्यावर आपल्याला तेच तळं दिसायला हवं, अशी त्यांची सक्त अपेक्षा असते.

तळं कोणालाच दिसत नाही. इथून नानांचा खरा उद्योग सुरू होतो.

नानांचं शास्त्र असं की अत्तर कधी चुकत नाही, चुकते ती कातडी. यातलं थोडं खरंही आहे. कोरड्या कातडीवरून वास लवकर उडतो, तेलकट कातडीवर टिकतो, अंग तापलेलं असलं की भसकन वर येतो. पण नाना एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले? तुमचा वास सांगतो तुम्ही काय खाता, कोणता साबण लावता, रात्री किती वाजता झोपता आणि हप्ते वेळेवर भरता की नाही. कर्जाच्या अर्जावर शेरा मारावा तसा ते मनगटावर मारतात. "पित्त आहे तुम्हाला. वाळा उभाच राहत नाहीये." समोरचा बिचारा संध्याकाळी डॉक्टरकडे जातो.

घरात पहिला प्रयोग अर्थातच नानींवर झाला. नानींनी मनगट हुंगलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "गोडा मसाला." नाना दुखावले. पण नानी शब्दशः बरोबर होत्या. शमाम्यात ज्या जडीबुट्ट्या पडतात त्यांत चरीला असतो, आणि चरीला म्हणजे आपलं दगडफूल. नानींनी आयुष्यभर ते तेलात परतलंय, त्यांना काय कोणी शिकवायचं? तरी नानांनी शिकवलंच. ओक झाडाच्या सालीवर वाढणारं असंच एक दगडफूल युरोपातले लोक अत्तरात वापरतात, 1917 साली कोटी नावाच्या फ्रेंच माणसानं 'शीप्र' काढलं तेही त्याच्याच जोरावर, पुढे कातडीला पुरळ येतं म्हणून त्यातल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल या दोन रेणूंवर युरोपीय संघानं 2017 साली बंदीचा नियम केला, वगैरे. नानींनी सगळं ऐकून घेतलं. मग मसाल्याच्या डब्यातून चिमूटभर दगडफूल काढून नानांच्या तळहातावर ठेवलं. करडे-काळे, कडेला मुडपलेले, कागदाच्या जळक्या कपट्यांसारखे तुकडे. "हे घ्या तुमचं पॅरिस. आमटीत घातलं तर निदान जेवता तरी येतं."

जावई नागपूरचे. त्यांच्या मनगटावर अत्तर जेमतेम टेकलं आणि ते म्हणाले, "कूलर!" मे महिना, ओल्या वाळ्याच्या ताट्या, त्यांतून येणारी गार हवा, दुपारचं जेवण. एवढं बोलून ते सोफ्यावर आडवे झाले आणि साडेचारपर्यंत उठले नाहीत. नाना पंधरा-पंधरा मिनिटांनी जाऊन लोंबकळता हात हुंगून येत होते. शेरा: "मिट्टी दबली. उष्ण प्रकृती." मला विचाराल तर नानांच्या अत्तराचं एवढं निखळ कौतुक दुसऱ्या कोणी केलेलं नाही. पण माणूस तळ्याऐवजी कूलरमार्गे समाधानी झाला, हे नानांना चालत नाही. शेजारच्या आजींना माठात टाकलेली वाळ्याची जुडी आठवली आणि त्यांना तहान लागली. त्यांना पाणी मिळालं, गुण नाही.

माझ्या मनगटावर बीट उमटतं. उकडलेलं, साल काढायच्या आधीचं. हे ऐकून मात्र नाना खूश झाले, कारण याला आधार आहे. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि बिटातही ते असतं. आपलं नाक याबाबतीत विलक्षण तिखट. पाण्यात एक हजार अब्ज भागांत जिओस्मिनचे पाच-दहा भाग असले तरी कळतं. 1964 मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पावसाच्या या गंधावर लिहिलं आणि त्याला पेट्रिकोर म्हटलं. कनौजचे कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून भाजक्या मातीच्या चकत्या तांब्याच्या देगेत घालून, बांबूच्या चोंग्यातून वाफ नेऊन, ती भपक्यातल्या चंदनतेलात मुरवत आलेत. हे सांगताना नानांचा आवाज खाली येतो, बोलणं सावकाश होतं, आणि समोरच्या कातडीबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. असे पाच मिनिटांचे नाना मला फार आवडतात. सहाव्या मिनिटाला ते म्हणतात, "दुसरं मनगट आणा."

जिओस्मिनचं हे प्रकरण गेल्या पावसाळ्यात अंगाशी आलं. नाना सकाळी लिफ्टनं तीन खेपा करतात, आणि प्रत्येक खेपेला कोणी ना कोणी सापडतं. आठवड्याभरात सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'लिफ्टमध्ये व जिन्यात शेवाळाचा कुबट वास येत असल्याने जमिनीखालील टाकी रविवारी धुण्यात येईल. पाणी भरून ठेवावे.' वास ओळखण्यात सेक्रेटरी चुकले असं म्हणता येणार नाही. तळ्या-धरणांच्या पाण्याला हा वास लागला की लोकांच्या तक्रारी येतात, आणि तो काढायला पाणीखात्यांना कोळशाच्या भुकटीपर्यंत उपाय करावे लागतात. कनौजला जे पैसे मोजून घालतात तेच इथे पैसे मोजून काढतात. नाना त्या फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. "शेवाळ" या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ ओढलेली मी पाहिली. तळं ओळखणारा पहिला माणूस सेक्रेटरी निघाला होता! टाकी धुतली. वास राहिला. बोअरवेलवाल्याला बोलावलं. नाना गप्प.

नानांना स्वतःला यातलं काही येतच नाही. सदासर्वकाळ एकाच वासात राहिलं की नाक त्या वासाची दखल घेणं सोडून देतं. मासळीबाजाराजवळ राहणाऱ्यांना विचारा. नाना स्वतःचं मनगट हुंगतात, काही लागत नाही, आणखी एक काडी लावतात. म्हणूनच त्यांना माणसं लागतात. जिन्यातले लोक, कुरिअरवाला, वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरं. ती पोरं पावतीपुस्तक मिटून पळाली, आणि त्या वर्षी नानांची वर्गणी वाचली.

श्रावणात गेटवर नवा रखवालदार आला. उत्तर प्रदेशातला, तिशीचा, कमी बोलणारा. नानांनी पहिल्याच दिवशी त्याचं मनगट धरलं आणि तळ्याचं वर्णन हिंदीत केलं, ते मराठीपेक्षाही लांब झालं. पोरगा शांतपणे ऐकत होता. त्यानं मनगट चोळलं नाही. हात जरा लांब धरला, वाऱ्यावर फिरवला, मग सावकाश नाकाजवळ आणला. नानांचे डोळे भरून यायचे बाकी होते. इतक्या वर्षांत अशा रीतीनं कोणी हुंगलं नव्हतं.

"कहाँ के हो बेटा?"

"कन्नौज के पास के हैं. मामा भट्टी पे काम करते थे."

नानांनी अक्षरशः त्याचे दोन्ही हात हातात घेतले. हिरवा रंग तांब्याच्या देगेमुळे येतो, पोलादी भांड्यात काढलं तर तो येत नाही, हे त्यालाच समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली, पुन्हा एकदा हुंगलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "बाबूजी, रूह नहीं है ये. तेल है, रंग डाला है. खस बस नाम को है."

नाना काही बोलले नाहीत. कुपीला बूच लावलं, खिशात ठेवली, वर आले. संध्याकाळी मी विचारलं, तेव्हा त्यांचा शेरा तयार होता.

"चांगला मुलगा आहे. पण कातडी खारट. बोअरच्या पाण्यानं आंघोळ करतो ना, काय उभं राहणार त्याच्यावर?"

हल्ली नाना मागच्या गेटनं जातात. तिथे इस्त्रीवाला बसतो. त्याच्या मनगटावर म्हणे फक्त कोळसा येतो.