पोटमाळ्यास सेवामुक्तीचे पत्र

प्रति,
मा. पोटमाळा,
बीडीडी चाळ, वरळी, मुंबई.

विषय : आपणांस सेवेतून मुक्त करण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या सेवेची यापुढे गरज उरलेली नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. चाळीस मजली टॉवर, पाचशे चौरस फूट, दोन बेडरूम आणि घरातच संडास-बाथरूम. माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात झालेल्या त्या समारंभाचे निमंत्रण आपणांस नव्हते, याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. पात्र रहिवाशांच्या यादीत आपले नावच नाही.

तसे ते कधीच कुठल्या यादीत नव्हते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, १९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत निघाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. झाल्या साधारण सोळा हजार. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये पॅसेज आणि संडास सामाईक. खोली १६० चौरस फुटांची. तीत माणसे किती राहतील याचा काहीतरी हिशेब सरकारने केला असावा. त्यांचे सामान कुठे राहील, याचा केला नाही. तो रहिवाशांनी केला. चार अँगल ठोकले, वर फळ्या टाकल्या आणि आपण सेवेत रुजू झालात.

आपल्या कामाची नोंद घेणे भाग आहे. दिवसा आपण गोधड्या, पत्र्याच्या ट्रंका, पाटा-वरवंटा, गणपतीचे मखर आणि आकाशकंदिलाचा सांगाडा सांभाळलात. रात्री त्याच सामानाला जरा सरकवून घरातला थोरला मुलगा आपल्याकडे झोपायला आला. दहावीचा अभ्यास आपल्याच अंगावर झाला. घरात नवी सून आली, तेव्हा उरलेली मंडळी पॅसेजमध्ये पथाऱ्या टाकून झोपली. एवढ्या कामाचा मोबदला म्हणून आपणांस वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, ओल्या फडक्याने पुसण्यात आले.

आता नव्या घराची हकिकत ऐकावी.

देव आधी आले. शेगडीवर दूध उतू जाऊ दिले. मग टेम्पोतले सामान लिफ्टने वर चढले. खोक्यांवर स्केचपेनने ‘किचन’, ‘देव’, ‘कपडे’ असे लिहिलेले होते, आणि सगळ्यांत जास्त खोक्यांवर ‘इतर’. ही ‘इतर’ मंडळी म्हणजे आपलीच माणसे. हॉलमध्ये त्यांची भिंत उभी राहिली, तिच्यावर चादर पसरली आणि पाहुण्यांना तिच्यावरच बसवण्यात आले. मॉड्युलर किचनच्या ट्रॉलीत चमचे ऐटीत लोळत आहेत, परात मात्र कुठल्याच कप्प्यात मावत नाही. पाण्याच्या पिंपाला तर काही कामच उरले नाही. तरी घरातल्या बाईने ते टाकू दिलेले नाही. त्यात तांदूळ भरला आहे. नळाचा भरवसा तिला अजून यायचा आहे.

एका खोक्यातून स्टीलचे मोठे पातेले निघाले. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव या घरातल्या कोणाचेच नाही. समोरच्या खोलीतल्या लग्नातले ते पातेले कधीतरी बासुंदीसाठी इकडे आले आणि आपल्याकडेच राहिले. परत करायचे तर आता पत्ता शोधावा लागेल. कोणाला कुठला मजला, हे संगणकीय सोडतीने ठरले. पॅसेज ओलांडला की जे घर लागे, तिथे जायला आता लिफ्टची वाट पाहावी लागते, आणि पोहोचल्यावर दार बंद असते. सोडतीत घरे निघाली. शेजार त्या यंत्रात घातलाच नव्हता.

चाव्या मिळाल्यापासून तेराव्या दिवशी, २७ ऑगस्टला, गणपती आले. फर्निचरवाल्याने अजून मापे घेतलेली नव्हती, पण समई, तबक आणि मखर शोधणे भाग होते. बंद खोकी तेव्हा उघडली गेली. चाळीत तर ‘मखर कुठे आहे?’ या प्रश्नाला घरातल्या सगळ्यांनी एकदम मान वर करून उत्तर दिले असते.

कागदपत्रांची खोकी वेगळीच. आधारवरचा पत्ता, मतदारयादीसाठी नमुना आठ, शिधापत्रिका, बँक, विजेचे बिल. माणूस घरात एका दिवसात येतो. त्याचा पत्ता मागून, कार्यालया-कार्यालयांतून, सावकाश येतो.

नव्या घरातल्या या अडचणींवरून आपण हुरळून जाऊ नये. परत बोलावण्याचा कोणाचाही विचार नाही. भर पावसाळ्यात, रात्री-अपरात्री, सामाईक संडासाच्या रांगेत जिने आयुष्य काढले, तिला चाळीच्या गोडव्यांचे व्याख्यान द्यायला जाऊ नये. ती दार लावून घेईल, आणि तो अधिकार तिला पहिल्यांदाच मिळाला आहे. नवे घर हवेच होते. तक्रार एवढीच, की शंभर वर्षांनी दुसऱ्यांदा घर आखताना पुन्हा फक्त चौरस फूट मोजले गेले.

सबब, आपणांस आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे. निवृत्तिवेतन देय नाही. आपले अँगल भंगारवाल्याकडे जमा करावेत.

आपले विश्वासू,
‘इतर’ खोकी, पुनर्वसन इमारत, वरळी

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :

१) वास्तुरचनाकार. पुढच्या इमारतींत मजल्यागणिक एक सामाईक खोली द्यावी. मोठी पातेली, सतरंज्या, लेझीम आणि ढोल यांना सदनिका मिळत नाही.

२) वरळीतील ९,६८९ कुटुंबांपैकी त्या दिवशी ज्यांच्या हाती चावी आली नाही, ती सर्व. फर्निचरवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी पोटमाळ्यावर चढून सामानाची यादी करावी, आणि दुसऱ्याच्या नावाची भांडी चाळ सोडण्याआधी ज्याची त्याला परत करावीत.