टकल्यांची मामी

आमच्या मामीसमोर स्ट्रेप्टोमायसिसला बुरशी म्हणायची सोय नाही. "तंतू दिसले म्हणून काय झालं? बॅक्टेरिया आहे तो!" हे तिने लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही ऐकवलंय. कॉलेजातून निवृत्त झाली, पण प्लेटी सुटल्या नाहीत. जुन्या विद्यार्थिनीच्या लॅबमध्ये जाऊन बसते, जाताना वाण्याकडून सोयाबीनचं पीठ घेते. वाण्याला वाटतं, मामांना डायबेटिस आहे. ते पीठ असतं स्ट्रेप्टोमायसिस कोएलिकलरच्या प्लेटीसाठी.

चौथ्या दिवशी प्लेट खिडकीशी तिरपी धरायची, चष्मा कपाळावर सरकवायचा, झाकण किंचित उचलून पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास घ्यायचा. "आला बघ करडा रंग!" करडा आला म्हणजे खाणं संपलं, बीजाणू पिकले. पांढरेच राहिले ते 'व्हाइट' म्युटंट. हे सगळं ती केसांना कलप लावता लावता सांगते.

आणि ज्यांना हवेतले तंतूच फुटत नाहीत ते 'बाल्ड', म्हणजे टकले. मामांकडे न बघता ती म्हणते, "बीएलडी-ए." यूयूए हा कोडॉन वाचणारा एकुलता एक टीआरएनए बिघडलेला, बाकी वाढ ठणठणीत, पण तंतू नाहीत, निळं अँटिबायोटिकही नाही. मामा पेपर वाचत राहतात.

स्ट्रेप्टोमायसिसचे जनुकशास्त्रज्ञ, नॉरिचचे डेव्हिड हॉपवुड, यांना ती 'आमचे हॉपवुड सर' म्हणते. भेट एकदाही नाही. 2002 साली कोएलिकलरचा जीनोम छापून आला, 7,825 जीन. ई. कोलायवाल्या सहकाऱ्यांना तिने तो आकडा इतकी वर्षं ऐकवला, की ते जिन्यात वाट बदलत. लोकल पिंपरीला थांबली, की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या दिशेने हात जोडते. शेजारचे प्रवासीही जोडतात. देऊळ असेल, असं वाटतं त्यांना.

परवा आई धाकट्याचं रडगाणं घेऊन बसली होती. तिशी उलटली, नोकरी घरातूनच, लग्नाचं नाव नाही.

"बीएलडी-डी बसलाय त्याच्या जीनांवर," मामीने निदान केलं. "सायक्लिक डाय-जीएमपीचे चार रेणू त्या प्रोटीनची जोडी बांधून ठेवतात. जोडी आहे तोवर बीजाणूंचे जीन दाबलेले. पातळी उतरली, की सुटतात."

आईने कॅलेंडरच्या मागे नाव लिहून घेतलं. "हे उपाशीपोटी द्यायचं का?"

"उपाशी ठेवलंस तर औषध कशाला लागतंय?" मामी म्हणाली.