अर्ध्या नावांचं कोटेशन

‘आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट.’ गेमिंग आणि एडिटिंगसाठी स्वस्तातला कॉम्प्युटर मागायला गेलेल्या पोराच्या हातात असा कागद ठेवतात. खाली एक रक्कम, तिच्याभोवती गोल. या कागदावर एकाही वस्तूचं पूर्ण नाव नाही, नुसती आडनावं आहेत. तुमच्या घरी असा कागद आला असेल तर पोराला परत पाठवा. प्रत्येक ओळीसमोर कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यायला सांगा. लिहून देत नसतील तर दुकान बदलायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पुढचं दुकान काही लांब नसतं.

सगळ्यात मोठा घोळ ग्राफिक्स कार्डाच्या ओळीत होतो. जीबीचा आकडा डोळ्यांत भरतो आणि तोच सर्वांत कमी सांगतो. एनव्हिडियाचं जीटी १०३० बघा. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्याच वर्षी त्याच नावाचं डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात उतरलं. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवते, दुसऱ्याची १६.८. नाव तेच, आणि मेमरीचा जोर जेमतेम एक तृतीयांश. शिवाय दोन्हींत व्हिडिओ एन्कोडरच नाही, त्यामुळे एक्स्पोर्ट करताना कार्ड बसून राहतं आणि प्रोसेसर एकटा राबतो.

एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे त्याहून लबाड प्रकरण. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं, नावाने भारदस्त, गेम बऱ्यापैकी चालवणारं. पण त्यातही एच.२६४ किंवा एच.२६५ चा एन्कोडर नाही. वर ते मदरबोर्डाशी फक्त चार लेनवर बोलतं, म्हणून पीसीआय एक्स्प्रेस ३ च्या जुन्या बोर्डावर लावलं की ती वाट आणखी निम्मी होते. ‘गेमिंग आणि एडिटिंग’ असं स्पष्ट सांगितलेल्या गिऱ्हाइकाला हे कार्ड देणं ही फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही. आरटीएक्स ३०५० सुद्धा दोन निघाली, ८ जीबीचं आणि २०२४ मधलं ६ जीबीचं. फरक २ जीबीपुरता नाही. दुसऱ्यात कोअर कमी आहेत आणि मेमरीची वाटही अरुंद. त्याची एक जमेची बाजू म्हणजे ७० वॅटमध्ये भागतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. जुन्या मशिनमध्ये बसवायला ते चांगलं. पण दाम ८ जीबीवाल्याचे मोजू नका.

मला विचाराल तर नुसते गेम खेळणाऱ्याने आरएक्स ६६०० बघावं. रोज एडिटिंग करणाऱ्याने आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं किंवा ४०६० बघावं. बोर्ड नवा असेल आणि त्यात रिसायझेबल बार ही सेटिंग चालू करता येत असेल तर इंटेलचं १२ जीबीचं आर्क बी५८० सुद्धा विचारात घ्यावं.

आता प्रोसेसर. ‘आय५’ म्हणजे काहीही नाही. कितवी पिढी, आणि शेवटी कोणतं अक्षर? आय५ १२४०० आणि आय५ १२४००एफ, दोघांनाही सहा कोअर, बारा थ्रेड. एफवाला थोडा स्वस्त, म्हणून बजेटच्या कागदावर नेहमी तोच येतो. त्या एफचा अर्थ असा की आतलं ग्राफिक्स बंद. आणि आतल्या ग्राफिक्सबरोबर इंटेलचं क्विक सिंकही गेलं, जे २०११ पासून व्हिडिओ उघडण्या-बांधण्याचं काम वेगळ्या सर्किटवर करतं. गेम खेळणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. बिघडतं ते मिक्सिंगवाल्याचं, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याचं. लग्नाचं शूटिंग करून रात्री मिक्सिंगला बसणारे आपल्याकडचे कितीतरी जण एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतात, आणि एडियस एक्स्पोर्टला क्विक सिंक वापरतं. नव्या कॅमेऱ्यांतून १० बिट, ४:२:२ असं एच.२६५ फुटेज येतं. ते हार्डवेअरवर उघडणं एनव्हिडियाच्या लाखाच्या वर किमतीच्या आरटीएक्स ४०९० लाही जमत नाही. त्यांच्याकडे ती सोय २०२५ च्या ५० सीरिजपासून आली. १२४०० च्या पोटातलं साधं ग्राफिक्स ते करतं. काही रुपयांसाठी ते अक्षर गळ्यात मारून घेऊ नका.

‘आय७ आहे, घ्या डोळे मिटून’ म्हणून जे खपवतात, ते बहुतेक वेळा आय७ २६०० असतं. २०११ सालचं. चार कोअर, आठ थ्रेड. २०२२ च्या आय३ १२१०० लाही तेवढेच, आणि तो त्याला कुठच्या कुठे मागे टाकतो. मायक्रोसॉफ्ट त्या जुन्या आय७ वर विंडोज ११ ला मान्यता देत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते मशिन नवं कॅबिनेट आणि निळे-जांभळे पंखे लावून शिकाऊ मुलाला विकणाऱ्याचा मला खरोखर राग येतो.

पण पोराचं सगळ्यात जास्त नुकसान करते ती ओळ कुणी वाचतच नाही: ‘४५० वॅट एसएमपीएस’, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा. दुकानात ते खोकं उघडायला लावा आणि एसएमपीएसच्या कुशीवरचं लेबल वाचा. तिथे कोष्टक असतं. +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि गुणाकार करा. १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात, १२४०० पूर्ण जोरात असताना ११७ पर्यंत जातो. झाले २४९. मोठ्या अक्षरातला ४५० हा आकडा कित्येकदा नुसता मॉडेलच्या नावाचा भाग असतो. गेम ऐन रंगात असताना मशिन बंद पडतं, एक्स्पोर्ट ८० टक्क्यांवर तुटतो, आणि दुकानदार म्हणतो विंडोज मारून बघू. नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस घ्या. त्यासाठी काचेचं कॅबिनेट आणि सगळे दिवे गेले तरी चालतील. ब्राँझचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षंही बघायची.

गावाकडे तर याच्या जोडीला अर्थिंग तपासा. कॅबिनेटला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात, आणि घरातले म्हणतात कॉम्प्युटरला येतातच. येत नसतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर गळती अर्थिंगच्या तारेतून सोडतात. ती तारच नसेल तर गळती कॅबिनेटवर येऊन बसते. वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या, मगच कार्ड लावा. यूपीएसवरच्या आकड्याचंही एसएमपीएससारखंच: ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, त्यात मॉनिटरही आला.

रॅमचं सध्या अवघड आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली, २०२५ च्या अखेरीस भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल या नावाने आपल्याला मिळणारी रॅम बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ८ जीबीची एकच काडी टेकवून देतात. १६ जीबी हवीच, आणि शक्यतो ८-८ च्या दोन काड्यांत, म्हणजे दोन्ही चॅनेल चालतात. पुढे ३२ वर जायचं नक्की असेल तर आज १६ ची एक घ्या. घरी आल्यावर बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कित्येकदा कमी वेगाने चालत राहते. आणि टाइमलाइन अडखळते म्हणून लगेच आणखी रॅम घेऊ नका. आधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून बघा. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही ती सोय आहे, आणि यूएचडी ६० फ्रेमपर्यंतचं काम त्यात होतं.

शेवटी काउंटरवर एक आमिष येईलच: ‘बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के सोडतो.’ नाही म्हणा. कंपनीची कार्डावरची, एसएमपीएसवरची वॉरंटी मागताना बिल लागतं. ते नसलं तर तुमच्या हातात दुकानदाराचा शब्द उरतो. बिलावर प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो खोक्यावरच्या नव्हे, प्रत्यक्ष वस्तूवरच्या स्टिकरशी ताडून बघा. मागे उभ्या गिऱ्हाइकाला घाई असली तरी.