पाय वर ठेवलेले काका

हैदराबादेत काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या पट्ट्यात मराठी घरं निझामाच्या अमदानीपासून नांदताहेत. पाऊस सुरू झाला की या घरांतून एक जात हमखास उगवते: पाय वर ठेवलेले काका. आमच्या बरकतपुऱ्याच्या वाट्याला आलेले काका आर अँड बी म्हणजे रस्ते-इमारत खात्यातून एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर नदीनाल्यांवर पूल बांधले, कधी घसरले नाहीत. घोटा मोडला तो घरच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, 'पावसात जपून चाला' हा मेसेज ग्रुपवर फॉरवर्ड करताना.

घोट्यात प्लेट बसली, सहा स्क्रू बसले, आणि मागून आधाराला अर्धं प्लास्टर, ज्याला हाडांचे डॉक्टर स्लॅब म्हणतात. तो शब्द कानी पडला आणि काकांमधलं निवृत्त खातं पुन्हा सेवेत रुजू झालं.

पाय छातीपेक्षा वर ठेवा म्हणजे सूज उतरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दुसऱ्या कुणी दोन उशा घेतल्या असत्या. काकांनी माळ्यावरची पाणसळ काढायला लावली. छातीपासून अंगठ्यापर्यंत सुतळी ताणून त्यावर ती टेकवली आणि निकाल दिला, "उतार उलटा आहे. अगं, अजून एक तक्क्या आण."

बोटं निळसर पडली, बधिर झाली किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर लगेच फोन करा, अशीही सूचना होती. त्यासाठी मेजरमेंट बुक उघडलं गेलं. काकांनी बोटं हलवायची, काकूंनी नोंद करायची: 'सकाळी 8. बोटं पाच. रंग गुलाबी. हालचाल समाधानकारक.' खाली काकांची सही. एकदा कुकरच्या नादात दहाची नोंद अकराला झाली, तर काकूंना तोंडी मेमो मिळाला.

"पाय टेकवणार कधी?" असं कुणी विचारलं की काकांचा चेहरा उजळतो. "काँक्रीटला 28 दिवस लागतात, हाडाला सहा आठवडे तरी धरा. वेळेआधी सेंटरिंग काढणारा ठेकेदार जेलात जातो." फरक एवढाच की या स्लॅबवर पाणी मारायचं नाही. म्हणून अंघोळीच्या वेळी गुडघ्यापर्यंत आबिड्सच्या साडीच्या दुकानाची प्लास्टिक पिशवी चढते. काका आत स्टुलावर, पाय दाराबाहेर दुसऱ्या स्टुलावर, आणि आतून हुकूम, "गळती तपास!"

समाचाराला माणसं येतात ती सल्ला घेऊनच. समोरचे चाचा सांगतात, "अजी, रोज सुबू पाये का शोरबा पिओ, हड्डी जुड जाती." हे त्या घरात, जिथे चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर असतो. वरच्या मजल्यावरचे तेलुगू मास्तर पुत्तूर कट्टूचा आग्रह धरतात. चित्तूरकडच्या पुत्तूरची हाडं बसवण्याची ही परंपरा, तिच्या पाट्या आपल्या शहरातही दिसतात. काका दोघांनाही शांतपणे एक्स-रे दाखवतात, खिडकीशी धरून, नकाशासारखा. मग पंजागुट्ट्याचं निम्स पूर्वी निझाम ऑर्थोपेडिक हॉस्पिटल होतं, ही माहिती देतात. त्यानंतर जिन्याचा नियम: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. पाहुणा जाताना त्याच्याकडून तो दारातच पाठ करून घेतात, पाहुण्याचे दोन्ही पाय धड असले तरी.

काकांना साखरही आहे. मधुमेह्याला पायाची जखम कळत नाही, रोज आरसा धरून तळवा बघावा, अनवाणी फिरू नये, नखं सरळ कापावीत, मऊ एमसीआर रबराची चप्पल घालावी, हे व्याख्यान ते उत्तम देतात. हातात तिसरं उस्मानिया बिस्किट असतं. 'साखर वाढली की जखम भरत नाही' या वाक्याच्या मध्यावर ते थांबतात, कारण बिस्किट चहात मोडून पडण्याची वेळ झालेली असते.

या सगळ्या कारभारात धड पायाचं नाव कुठे नाही. वॉकरवरून न्हाणीघरापर्यंत काकांना तोच नेतो, तोच आणतो. त्याची टाच तडकली आहे, पोटरी भरून येते. पण जे मोडलं नाही त्याची नोंद ठेवायची पद्धत खात्यात नाही. काकूंनाही याच नियमाने मेजरमेंट बुकात रकाना नाही.

परवा काकू म्हणाल्या, "अहो, सकाळी उठल्यावर माझी टाच टेकवत नाही हो." काकांनी चष्मा वर केला. "ओव्हरलोडिंग! पाय वर करून पड. बर्फ फडक्यात गुंडाळ, पंधरा मिनिटं लाव." काकूंनी पहिल्यांदाच सूचना अक्षरशः पाळली. सोफ्यावर बसल्या, पाय टीपॉयवर. चार वाजले.

"चहा?" काका म्हणाले.

"तुम्ही टाका. माझं सेंटरिंग काढायचं नाही."

"अगं, मला अजून लोडिंगची परवानगी नाही!"

"पातेलं हातात धरतात, पायात नाही."

काकांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. मग मेजरमेंट बुक ओढून स्वतःच्या हाताने लिहिलं: 'दुपारी 4. चहा नाही. मजुरांअभावी काम बंद.'