लडाखले जाऊन रायले म्हने!

"ऐकलं का वहिनी? आमचा पोट्टा जून महिन्यात लडाखले जाऊन रायला म्हने."

"कोणत्या गाडीनं?"

"तेच तं! गाडी अजून घ्यायचीच हाय."

काकूंनी तुरीच्या शेंगांचं टोपलं कंपाउंडच्या भिंतीवर टेकवलं. मी माझ्या बाजूनं मूठभर शेंगा ओढल्या. वर्ष सरत आलं की आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांच्या अंगात येतं. एरवी ज्यांची गाडी घर, स्टेशन अन् पानठेला यांच्या पलीकडे जात नाही, ते डिसेंबरात हिमालयाचे नकाशे उघडून बसतात. यंदा सरकारनंही हवा दिली. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, अन् त्याच्या वरच्या गाड्यांचा थेट 40 टक्के झाला. काकूंच्या पोट्ट्याचा जीव जडला होता साडेचारशेच्या हिमालयनवर. आता तो साडेतीनशेच्या बुलेटवर समाधान मानतो म्हणे. समाधान कसलं, पैसे काकांनी द्यायचे आहेत.

"मी म्हटलं, आंधी कापूस तं इकू दे. हमीभाव 8,110 हाय म्हनते, पन आपल्या बोंडाले खोट काढल्याबिगर कोनी गाडी खाली करू देते का?"

"अन् तिकडं लडाखात जाऊन पाहायचं काय हाय त्याले?"

"उमलिंग ला नावाची कोनती खिंड हाय. 19,024 फूट उंच. तिथं फोटो काढायचा हाय."

काकू एवढं सांगून थांबल्या अन् हसल्या. त्यांना चिखलदऱ्याला देवी पॉइंटच्या पायऱ्या चढताना दम लागतो, अन् चिखलदरा सारा अकराशे मीटर. लेकानं मात्र सगळा अभ्यास केलेला. लेहमध्ये आधी दोन दिवस गुमान पडून राहायचं, म्हणजे पातळ हवा अंगी लागते. मनालीहून जाताना तांडीच्या पंपावर टाकी भरून घ्यायची, कारण पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटीच तिथं लावलेली होती, अन् तिच्यासोबत फोटो काढल्याशिवाय एकही पोट्टा पुढं सरकत नसे. हे सगळं काकूंनी ऐकून घेतलं. त्या अडल्या दुसरीकडेच. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेडच लागतं, हे त्यांना कोणीतरी सांगितलं.

"म्हंजे मी फोन लावला तं लागनच नाई! मंग मी इथं काय करू? अन् दुसरं म्हंजे जून. मिरगाची पेरनी कोन करन? याचा बाप एकटा?"

काकूंनी सहज बोलून टाकलं, पण खरी मेख तिथंच आहे. लडाखचे रस्ते बर्फातून मोकळे होतात मे-जूनमध्ये, अन् बंद होतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नेमके तेच महिने आपल्याकडे पेरणीचे, डवरणीचे, फवारणीचे अन् शेवटी सोयाबीन काढण्याचे. आपला माणूस मोकळा होतो तो तूर-कापूस घरात आल्यावर, तेव्हा तिकडं बर्फ. पुण्या-मुंबईच्या नोकरदार पोट्ट्याला रजा मागितली की झालं. वावर असलेल्या पोट्ट्यानं रजा कोणाला मागायची? मी पंचांग काढलं. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे पोळा पार सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. फवारणी उरकून ऑगस्टच्या शेवटी निघाला तर पोळ्याला घरी पोचेल, असा मी हिशेब मांडला. पण 2025 च्या त्याच दिवसांत मनालीचा रस्ता बियासनं खाल्ला होता, हे आठवलं अन् मी माझा हिशेब गिळला.

तेवढ्यात पलीकडच्या घरचे काकाजी आले. यांच्याकडे अजून राजदूत आहे. किक मारली की अर्धी गल्ली जागी होते. त्यांचा बेत ऐकून आम्ही दोघी गार.

"मी नर्मदा परिक्रमा करतो. फटफटीनं."

ओंकारेश्वराहून संकल्प सोडायचा, नर्मदामाय उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. भरूचकडून समुद्राजवळ काठ बदलायचा, मग अमरकंटकला वळसा घालून पुन्हा ओंकारेश्वर. पायी जाणाऱ्याला काही वर्षंही लागतात. गाडीवाले पंधरा-वीस दिवसांत उरकतात. चातुर्मासात परिक्रमा होत नाही, म्हणजे देवउठनीनंतरचे महिने, अन् तेच तर आपले रिकामे महिने! परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी करत खंडव्याकडं निघालं की नर्मदा आपल्याला किती जवळ आहे, हे लडाखवाल्यांच्या डोक्यात येत नाही. मला तर काकाजींचा बेत साऱ्यांत शहाणा वाटला. अडचण एकच. गाडीची नोंदणी कधीच सरली आहे, अन् जुन्या गाडीला नवी नंबरप्लेटही लावायची आहे.

"अमरावतीच्या आरटीओत एक चक्कर मारा ना," मी म्हटलं.

"मारतो ना. परिक्रमेच्या आंधी तेच एक तीर्थ हाय," काकाजी म्हणाले.

आमच्या घरचा बेत सांगायची मला लाज वाटत होती, पण काकूंनी खोदून काढलाच. आमच्या ह्यांना 24 तासांत 1,000 मैल, म्हणजे 1,609 किलोमीटर गाडी चालवायची आहे. अमेरिकेत एक संस्था आहे, ती पुरावे तपासून याचं प्रमाणपत्र देते. मी विचारलं, जायचं कुठं? तर म्हणे, कुठंच नाही, फक्त चालवायची. हे ऐकून काकूंचा हात शेंगेवरच थांबला.

"कुठीच जायचं नाई? मंग कायले?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. रात्री दोनला लाइन येते म्हणून मोटर सुरू करायला थंडीत गाडी काढून वावरात जाणारे आपल्या तालुक्यात कमी आहेत का? त्यांना कोणी कागद देत नाही. ह्यांचं म्हणणं, रस्ते झाले आहेत आता. झाले आहेत खरे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग उरकून गिनीजमध्ये नाव लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण बडनेऱ्याहून परत येताना ज्या माणसाला पाठीला बाम लागतो, त्यानं 24 तासांची गोष्ट करू नये, हे माझं मत मी ह्यांना सांगितलंय. ते कोणत्या कानानं ऐकतात, कोण जाणे.

"समृद्धीनं जातीन ना मंग?" काकूंनी विचारलं.

इथं काकाजी खदखदून हसले. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, अन् 5 जून 2025 ला शेवटचा तुकडा उघडून 701 किलोमीटर पुरा झाला. अन् त्यावर दुचाकीला बंदी! त्याच्यात वावरं गेली, मोबदला आला, त्या मोबदल्यातून कित्येक घरांपुढं नव्या गाड्या उभ्या झाल्या, अन् त्याच गाड्यांना त्याच रस्त्यावर जागा नाही. पोट्टे यावर फार कावतात. मला विचाराल तर बंदी बरोबर आहे. 120 च्या वेगानं कार चालतात तिथं आपला पोट्टा स्प्लेंडरवर मागं आईला बसवून, पुढं युरियाचं पोतं ठेवून निघेल, ही मला खात्री आहे.

काकूंकडं एक बातमी राखून ठेवलेली होती. ती त्यांनी आता काढली. "तो योगेश आळेकरी माहीत हाय ना? आपला मराठी मानूस. मोटरसायकलनं मुंबईहून लंडनले गेला. अन् तिथं त्याची गाडीच चोरली!"

बातमी खरी आहे. मे 2025 मध्ये निघाला, 17 देश ओलांडले, अन् ऑगस्ट संपता संपता इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या एका बागेजवळ भरदिवसा चोरांनी हातोडीनं कुलूप तोडून गाडी नेली. पासपोर्टही गाडीवरच्या सामानात. पुढं तिथल्याच लोकांनी त्याला दुसरी गाडी मिळवून दिली, तो भाग काकू लेकाला सांगत नाहीत. मी सांगायला गेले तर मलाच दटावलं, "तुमी चूप बसा, त्याच्या कानावर जाईन."

आता राहिली बँकवाल्या ताईंची पोट्टी. ती आमचं बोलणं गेटपाशी उभी राहून ऐकत होती, अन् हातात हवेचा पंप. ट्युबलेस टायरचं पंचर ती स्वतः काढते. गल्लीतल्या एकाही लडाखवाल्याला हे येत नाही. तिची गाडी साधी सव्वाशेची. तिचा बेत विचारला तर म्हणाली, "काकू, मी वर्षभर आपलंच पाहणार हाय." पाडव्याला सावंगा विठोबाची यात्रा, जिथं कापराचा धूर अर्ध्या कोसावरून दिसतो. वर्धेच्या काठी रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर. पावसाळ्यात चिखलदरा, पण रविवारी नाही, कारण रविवारी घाटात गाड्यांच्या रांगेशिवाय काही दिसत नाही. अन् सगळ्यात आधी जानेवारीत लोणार.

"एकलीच?" काकूंनी विचारलं.

"तळेगाव दशासरच्या शंकरपटात बाया बैलजोडी हाकलते, काकू. माह्याजवळ तं ब्रेक हाय."

काकाजींनी टाळी दिली. 2023 मध्ये रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटरसायकलवर जग फिरायला निघाली होती, हेही त्यांनी काकूंना ऐकवलं. काकूंनी शेंगा खाली ठेवल्या. "नऊवारीत? चैनीत अडकली नाई का?" प्रश्न अगदी योग्य होता. मला वाटतं, पदर अन् ओढणी चेनमध्ये जाऊ नये यासाठीची जाळी गाडी घेताना पहिल्या दिवशी पाहायची गोष्ट आहे, अन् आपले पोट्टे गाडी स्टाइलिश दिसावी म्हणून तीच पहिल्या दिवशी काढून टाकतात.

पोट्टीचे नियम कडक. पहाटे अंधारात निघायचं नाही अन् दिवेलागणीनंतर गाडी चालवायची नाही. हे काही भित्रेपण नव्हे. अमरावतीहून चांदूरला येताना पोहरा-मालखेडचं जंगल लागतं. रोही अन् रानडुक्कर रस्त्यावर कधी उडी घेईल याचा नेम नाही, अन् बिबट्याही आहेच. रोही दिव्यापुढं बिचकून उभा राहतो. हेल्मेट आयएसआय मार्कवालं, मागे बसणाऱ्यालाही. फूटपाथवरचं दीडशे रुपयांचं टोपडं ती हेल्मेट मानत नाही.

लोणारची वाट तिनं सांगितली, तेव्हा काकाजींचे डोळे चमकले. नांदगाव खंडेश्वर, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, अन् सुलतानपूरहून आत. समृद्धीच्या आधी मुंबईचे ट्रक याच रस्त्यानं जायचे. आता तो बराच मोकळा आहे, अन् दुचाकीला असा मोकळा रस्ता सोन्यासारखा. उल्का पडून काळ्या दगडात झालेलं ते विवर जगभरचे शास्त्रज्ञ पाहून जातात, 2020 मध्ये त्याला रामसर यादीत जागा मिळाली, अन् आपल्या गल्लीत ते पाहिलेला एकही माणूस नाही! ज्यांनी लोणार पाहिलं नाही त्यांनी उमलिंग लाचा फोटो कोणाला दाखवायचा?

शेवटी काकूंनी निकाल दिला. लडाखचं पेरणी झाल्यावर पाहू. आधी लोणारला जाऊन ये, अन् त्या पोट्टीच्या मागं मागं गाडी चालव. लेकानं तोंड वाकडं केलं, पण नव्या गाडीचे पैसे अजून काकांच्याच खिशात असल्यानं तो काही बोलला नाही. आमचे हेही येणार आहेत, पाठीच्या बामासह. काकाजींची राजदूत आरटीओतून सुटली तर तीही.

तर चांदुरातलं आणखी कोणी येणार असेल तर तुरी घरात आल्यावरच्या पहिल्या रविवारी उजाडल्यावर स्टेशनच्या चौकात या. टायरची हवा अन् ब्रेक आदल्या दिवशीच पाहून घ्या, हेल्मेट आपापलं आणा, अन् ट्रिपल सीट येणाऱ्याला चौकातूनच परत पाठवलं जाईल.