पद्मिनी अधांतरी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली. त्या आठवड्यातले वर्तमानपत्रांतले फोटो पाहून ज्यांचा गळा दाटून आला, त्यांतल्या काहींनी एक जुनी खासगी पद्मिनी विकतच घेतली. प्रस्तुत मार्गदर्शिका या लोकांसाठी आहे. बाकीच्यांनी फोटो पाहावेत, त्यात धोका नाही.

गाडी आली, हार घालून झाला, चाकाखाली लिंबू चिरडून झाले. आता मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओघळ दिसतो आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडत होत्या तेव्हा नाक्यानाक्यावर त्यांचा मिस्त्री होता. आता तो गावी असतो आणि त्याचा मुलगा कोणत्याही गाडीला आधी लॅपटॉप जोडतो. पद्मिनीला लॅपटॉप जोडायला जागाच नाही. तेव्हा ड्रम आपणच उघडायचा, असा निश्चय तुम्ही करता. निश्चय उत्तम आहे. फक्त एवढे ध्यानात असू द्यावे की रिकामी पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास भरते आणि तिला तुमच्या भावना ठाऊक नाहीत.

प्रथम साहित्य. एक ट्रॉली जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या एकसारख्या दोन घोड्या, लाकडी पाचरी, पाना आणि एक वाकडेतिकडे न बोलणारा मदतनीस. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, म्हणून बहुधा मेहुण्यावर भागवावे लागते. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. तुमची गाडी आणि तुमची छाती यांच्यामध्ये जॅकमधले थोडे तेल आणि रबराचे एक सील एवढेच असते. सील गेले की दांडा खाली येतो, आणि येण्याआधी कळवत नाही. डिकीतला स्क्रूचा जॅक पंक्चरपुरता. त्यावर गाडी ठेवून कोणी खाली शिरत असेल तर त्याचे पाय धरून बाहेर ओढावे, मग नाव विचारावे.

घोडी घेताना तिच्यावर लिहिलेला भार वाचावा. दोन-तीन टनांची जोडी पुरून उरते. आरपार पिन घालायची घोडी असेल तर अधिक बरे. खटक्याच्या घोडीत दातात खटका नीट बसला का, हे दर वेळी डोळ्यांनी पाहावे. २०२० साली अमेरिकेत खटका निसटू शकतो म्हणून लाखो घोड्या परत मागवल्या गेल्या होत्या, तेव्हा शंका घेण्यात कमीपणा नाही.

याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली येतील. त्यांच्याकडे चौऱ्याहत्तर सालची फियाट होती. ते तुमच्या घोड्यांकडे पाहतील आणि म्हणतील, ‘आम्ही विटांवर ठेवायचो. काही झालं नाही.’ काकांना नमस्कार करावा, खुर्ची द्यावी, विटा घेऊ नयेत. वीट किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक लोखंडासारखा आधी वाकत नाही, एकदम फुटतो. ज्यांच्या विटा फुटल्या ते काका अनुभव सांगायला खाली येत नाहीत, हा या सर्वेक्षणातला दोष आहे.

जागा सपाट आणि टणक हवी. सोसायटीचे पेव्हर ब्लॉक टणक दिसतात, पण त्यांच्याखाली वाळू आणि मागच्या पावसाळ्याचे पाणी असते. घोडीचा पाय त्यात एका बाजूने रुतला की ती कलते. काँक्रीटचा तुकडा मिळेपर्यंत हिंडावे. असा तुकडा बहुधा सेक्रेटरींच्या गाडीखालीच असतो. परवानगीचा अर्ज दोन प्रतींत करावा.

आता गाडी हलू नये याची व्यवस्था. इथे बहुतेक नवशिके हँडब्रेक खेचतात आणि निश्चिंत होतात. पद्मिनीचा हँडब्रेक पुढच्या चाकांना धरत नाही आणि तुम्ही मागची बाजू उचलणार आहात, म्हणजे तुम्ही हवेला ब्रेक लावला आहे. ‘गिअरमध्ये टाकली आहे’ हेही तितकेच पोकळ. मागचे एकच चाक उचलले तर डिफरन्शियलच्या कृपेने हवेतले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे खुशाल पुढे सरकते. पहिला गिअर असला तरीही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरी ठोकाव्यात. गाडीला धरून ठेवणाऱ्या त्याच. चाकाचे नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करावेत. हवेतल्या गाडीच्या नटावर उभे राहून जोर लावणारे गृहस्थ पाहिलेले आहेत. त्या गृहस्थांबद्दल पुढे काही लिहायचे नाही.

जॅक डिफरन्शियलच्या मधोमध, तेल काढायचा बोल्ट टाळून लावावा, म्हणजे दोन्ही चाके सारखी उठतात. दांडा दाबताना जॅकचा माथा सरळ वर जात नाही, किंचित कमानीत जातो. त्याची भरपाई म्हणून जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडे पुढे सरकावे लागते. ती चाके खडीत अडकली तर गाडीच सरकते. तेव्हा आधी झाडू मारावा. या कामी काकांची मदत घेता येईल, पण ते घेऊ देत नाहीत.

घोड्या कुठे लावायच्या हा खरा प्रश्न, आणि इथे घाई करू नये. दरवाज्यांखालची पट्टी सोयीची दिसते, तिथे भुलू नये. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. मुंबईच्या खाऱ्या हवेत तो किती उरला आहे, हे रंगाखाली दिसत नाही. लाकडाच्या मुठीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी भुसभुशीत आला, तर घोडी त्यातून थेट तुमच्या बैठकीत येईल. मागच्या बाजूला चांगली जागा म्हणजे एक्सलची नळी, कमानपाट्याच्या अगदी आतल्या अंगाला. नळीवरून ब्रेकची बारीक पाइप जाते, ती घोडीच्या खोबणीत चेपू नये. एक गळती बंद करायला निघून दुसरी तयार केल्यास मिस्त्री गावाहून मनापासून हसेल.

दोन्ही घोड्या एकाच उंचीवर ठेवून जॅक अगदी हळू सोडावा. भार घोड्यांवर उतरला की गाडीच्या बाजूला उभे राहून तिला दोन्ही हातांनी हलवावे. हळूच नाही, हिसका देऊन. पडायची असेल तर आत्ता पडू दे, आपण बाहेर आहोत. हललीच नाही, तर जॅक पुन्हा डिफरन्शियलला नुसता टेकवून ठेवावा आणि काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवावे. घोडी निसटलीच तर गाडी यांवर अडते; न निसटल्यास यात काही बिघडत नाही.

एकट्याने खाली शिरू नये, आणि गाडीत कोणालाही बसू देऊ नये. कारण एक जण येणारच. तो दार उघडेल, ‘आमचीपण होती’ म्हणेल, बेंच सीटवर टेकेल आणि स्टिअरिंगखालचा गिअर जुन्या सवयीने वरखाली करील. चाव्या खिशात ठेवाव्यात, दारे कुलूपबंद. आठवणी बाहेर उभे राहूनही काढता येतात.

ड्रम, सिलिंडर आणि रबरी वॉशर हा वेगळा विषय, तिकडे आत्ता वळायला नको.

चाक परत चढवले की, उतरवताना आधी खाली वाकून पाहावे : पाने, दिवा, मेहुणा. तिन्ही बाहेर असल्यास जॅकने गाडी बोटभर उचलावी, घोड्या काढाव्यात, हळू टेकवावी. नट समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करावेत. ब्रेक पेडल दाबून ते कडक लागेपर्यंत किल्लीला हात लावू नये. पाचरी सर्वांत शेवटी काढायच्या. त्या काढायला विसरून पहिला गिअर टाकलात तर पद्मिनी जागची हलणार नाही, आणि कंपाउंडमधले सगळे एकमुखाने सांगतील की क्लच गेला.